आगराबाईच्या पोथीचा राहिलेला भाग

त्या साली श्रावण अधिक आला आणि ताडकळसच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात पोथीची पंचाईत झाली. एरवी आषाढीला लावलेली पोथी कार्तिकापर्यंत सावकाश पुरायची. पण अधिकात केलेल्या गोष्टीचं पुण्य जास्त, म्हणून बायकांनी मुंजाजीच्या मागे लागून रोज दोन-दोन अध्याय वाचून घेतले. पुण्य किती पदरी पडलं ते देवाला ठाऊक. पोथी मात्र निज श्रावणातच संपली. आता पुढचे अडीच महिने दुपारची जेवणं उरकल्यावर मारुतीच्या मंडपात काय ऐकायचं, हा सवाल उभा राहिला.

मुंजाजी हा गावचा पोथीवाचक. पस्तिशीचा, अंगाने किरकोळ, घरची थोडी शेती. निजामाच्या अमलातली त्याची शाळा सगळी उर्दूत झाली होती. मराठी अक्षरं त्याने बापाच्या मांडीवर बसून पोथीतूनच उचलली. त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. पोथीत नाही असा शब्द तो तोंडातून काढत नसे. अर्थ सांगायचं काम लिंबाजी तात्यांचं. तात्या एकेका ओवीवर पाव-पाव तास हवे तिकडे हिंडून येत आणि तोवर मुंजाजी ओळीवर बोट ठेवून गप्प बसे. मुंजाजीच्या तोंडून आलं म्हणजे ते लिहिलेलंच असणार, असं लोक म्हणायचे. हे ऐकलं की तो खाली बघायचा, आणि लोकांना तो त्याचा विनय वाटायचा.

ताडकळसच्या बाजारात त्याला दिनकरराव भेटले. दिनकरराव पूर्णेला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. कम्युनिस्ट पक्षाचे पक्के माणूस, स्टेशनाजवळ कामगारांचं वाचनालय चालवायचे आणि बाजाराच्या दिवशी सायकलला पिशवी अडकवून खेड्यांत पुस्तकं वाटायचे. पुस्तकं रशियात छापलेली, पण मराठी. मुंजाजीने आपली अडचण सांगितली तसं त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं.

"हे न्या. नदीकाठच्या गरीब माणसांचीच गोष्ट आहे. दुसरा भाग दिवाळीपर्यंत येईल."

"पोथी म्हणून लावली तर चालंल का?"

दिनकरराव देव न मानणारे. त्यांनी चष्मा पुसला. "मारुतीला चालत असेल तर आमची काय हरकत!"

"मग एक करा. पोथी लावायच्या आधी कर्त्याचं चरित्र सांगावं लागतं. ते मला मालूम न्हाई. तुमीच येऊन सांगा."

त्याप्रमाणे दिनकरराव रविवारी आले, मारुतीकडे पाठ होणार नाही अशा बेताने बसले, आणि त्यांनी चरित्र सांगितलं. पुस्तकाचा कर्ता लुका वेरेतिन, एका मोठ्या नदीवरच्या नावाड्याचा मुलगा. बारा वर्षांचा असल्यापासून होडी वल्हवली. अक्षरं शिकला एका म्हाताऱ्या खलाशाकडून, बोट बर्फात अडकून पडली होती त्या हिवाळ्यात. राजाविरुद्ध लढला, गोष्टी लिहू लागला, नाव झालं. मग कुणीतरी चुगली केली आणि त्याला नऊ वर्षं दूर थंडीत लाकडं तोडायला पाठवलं.

"कुणी पाठीवलं? राजानं?" लिंबाजी तात्यांनी विचारलं.

दिनकरराव खाकरले. "नाही. आपल्याच लोकांनी. चूक झाली होती. ती आता सुधारली." मग ते घाईने पुढे गेले. तिथे कागद मिळत नव्हता, म्हणून वेरेतिन रोज थोडं मनात रचायचा आणि पाठ करून ठेवायचा. सुटून आल्यावर ते सगळं कागदावर उतरवलं, तेच हे पुस्तक.

"म्हंजी पाठांतराची पोथी हाय," तात्या म्हणाले. "मग कायच हरकत न्हाई."

पुस्तकाला लाल फडकं आलं, पाट आला, वर दोन झेंडूची फुलं आली, आणि वाचन सुरू झालं. गोष्ट होती अग्राफेना नावाच्या विधवा बाईची. गावाने पहिल्याच दुपारी तिची आगराबाई केली. ती नदीवर होडी चालवते. तिचा एकुलता मुलगा शाळामास्तर. ऐन सुगीत दोन माणसं येतात आणि चार दिवसांत आणून सोडतो म्हणून त्याला घेऊन जातात. चार दिवसांचे महिने होतात, महिन्यांची वर्षं होतात. आगराबाई माणसं या काठावरून त्या काठावर नेत राहते आणि दर फेरीला प्रत्येकाला मुलाबद्दल विचारते. होडी कितीही भरली तरी एक जागा मोकळी ठेवते.

अर्थ सांगताना तात्यांची कसोटी लागली, पण ते डगमगले नाहीत. "बर्फ म्हंजी काय, तर आपल्याकडं गारा पडत्यात. तशा गारा सहा महिने पडायच्या अन् इतळायच्याच न्हाईत," असं त्यांनी सांगितलं, आणि ते बायकांना पटलंही. भादवा लागेपर्यंत मंडपात बसायला जागा उरेना. पोथीला कधी न येणारे गडीसुद्धा टेकायला लागले.

पण ती गोष्ट खरी ऐकत होती बायनाबाई. डाव्या हाताच्या खांबाला टेकून ती बसायची आणि तिच्या पाठीशी सून कोकिळा. वाती वळता वळता बायनाबाईचा हात थांबायचा तो वाचन संपेपर्यंत थांबलेलाच राहायचा. तिचा एकुलता एक सटवाजी रझाकारांच्या धामधुमीत घरातून गेला, त्याला दहा वर्षं झाली होती.

"आगराबाईचं पोरगं यील का रे मुंजाजी?" ती रोज उठताना विचारायची.

"फुडं वाचल्यावर कळंल, काकू," तो म्हणायचा, आणि पुस्तकाला फडकं गुंडाळताना त्याची बोटं गाठ मारायला विसरायची.

कारण सटवाजी येणार नाही, हे जगात एकट्या मुंजाजीला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस साली दोघं मिळून पैनगंगेपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले होते. भादव्यात कॅम्पाने निरोप देऊन दोघांनाच अलीकडे पाठवलं. नदी भरून चालली होती. एकमेकांचा हात धरून ते पाण्यात उतरले आणि मध्यावर सटवाजीचा पाय उखडला. हात सुटला की आपण सोडला, हे मुंजाजीला आजतागायत ठरवता आलं नव्हतं. पाचच दिवसांनी फौजा आल्या, निजामाचा अंमल गेला, कॅम्प उठले. तो गावाकडे आला तेव्हा वेशीत सगळ्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांत सगळ्यांच्या पुढे बायनाबाई.

"सटवा कुठाय?"

"मागून यायलाय," तो म्हणाला.

एवढंच. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. सांगू उद्या, असं म्हणता म्हणता बायनाबाई तापाने पडली, आणि ती उठेपर्यंत सटवाजी नागपूरकडे कामाला गेला असं होऊन बसलं होतं. लबाडीला खतपाणी घालावं लागत नाही. ती आपली आपण वाढते. तीन वर्षांपूर्वी कोकिळेचा भाऊ झरीचं एक स्थळ घेऊन आला. मुलगी सतराची होती तेव्हापासून वाट पाहतेय, आता तिचा पाट लावून द्या, म्हणाला. बायनाबाईच्या ओसरीवर चार माणसं बसली आणि मुंजाजीला विचारलं, तू शेवटचा त्याच्यासंगं होतास, तुला काय वाटतं? मुंजाजी म्हणाला, जिता हाय, नागपुरात दिसला म्हणं कुणाला तरी. मुंजाजीच्या तोंडून आलं म्हणजे संपलंच. झरीच्या माणसाने दुसरीकडे लग्न केलं. कोकिळा कपाळावरचं कुंकू सांभाळत सासूजवळ राहिली.

पितृपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी पहिला भाग संपला. संध्याकाळची वेळ. आगराबाई होडी बांधून घराकडे निघालेली. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतं. ती थांबते, परत फिरते आणि वल्हं उचलते. पहिला भाग समाप्त.

मंडपात एकच गलका झाला. दिवाळीपर्यंत कोण थांबणार! दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंजाजीला सगळ्यांनी ढकलून पूर्णेला धाडलं.

दिनकरराव वाचनालयात एकटेच होते. पुढ्यात पुस्तकांचा ढीग आणि सुतळी. मुंजाजीला बघून त्यांना बरं वाटलं नाही, हे स्पष्ट दिसलं.

"दुसरा भाग यायचा नाही," ते म्हणाले. "आणि तो पहिलाही परत द्या. पक्षाच्या कचेरीचं पत्र आलंय. वेरेतिनची सगळी पुस्तकं परत पाठवायची."

"का? काय केलं त्यानं?"

दिनकररावांनी पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं की सदर लेखक जनतेच्या शत्रूंच्या हातातलं खेळणं झाला आहे. मुंजाजीने ते दोनदा वाचलं आणि त्याला काही कळलं नाही. तेव्हा दिनकररावांनी दार लोटून घेतलं आणि खणातून मुंबईच्या पेपराचं एक कात्रण काढलं.

"तिकडच्या लेखकांच्या संघटनेनं त्याला सांगितलं, दुसऱ्या भागाचा शेवट बदलून दे. पोरगा होडीत बसून घरी येतो असं कर. लोकांना उमेद येईल. घर देऊ, मान देऊ."

"अन् त्यानं लिवलंय काय?"

"हाक मारणारा भलताच कुणीतरी असतो. पोरगा पहिल्याच हिवाळ्यात मेलेला असतो."

"मग त्यानं काय केलं?"

"नाही म्हणाला." दिनकररावांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं. "हे बघा, त्याचं वाक्य छापलंय. 'जो परत आला नाही त्याला मी होडीत बसवणार नाही. त्याची आई अजून घाटावर उभी आहे, तिला मी काय तोंड दाखवू?' त्याला संघटनेतून काढलं. घरातून काढलं. आता कुठल्याशा लहान गावात होड्या दुरुस्त करतो म्हणे."

मुंजाजी खाली बसला. दिनकरराव त्याच्याकडे न बघता गठ्ठा बांधत राहिले. "पक्ष म्हणतो त्यात काहीतरी असणारच," ते म्हणाले. "पण पुस्तक चांगलं आहे हो. मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर मालधक्क्यावर बसून रडलो." त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि पुन्हा सोडली. "बाजाराच्या दिवशी आणून द्या. तोवर राहू दे तुमच्याकडे."

परतीच्या वाटेवर मुंजाजीने विचार केला नाही असं पाऊल टाकलं नाही. नऊ वर्षं थंडीत काढून आलेला माणूस. त्याला एक पान बदलायला सांगितलं होतं, एक पान! आणि आपल्याला तर कुणी घर द्यायला निघालं नव्हतं. आपण फुकटातच बदललं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की गाव दिसायला लागल्यावर तो बांधावर बराच वेळ बसून राहिला.

मंडळी वाट बघत होती. दुसरा भाग नाही आणि पहिलाही परत द्यायचा हे कळल्यावर सगळे हळहळले. लावलेली पोथी अर्धी ठेवून उठणं म्हणजे वाचणाऱ्याला दोष आणि ऐकणाऱ्यांनाही. कर्त्याला का काढलं, ते मुंजाजीने तेव्हा सांगितलं नाही.

तोड काढली लिंबाजी तात्यांनी. "हेच्यात काय अवघड हाय? एवढ्या पोथ्या आईकल्या आपण. शेवट आपला आपण लावू. आगराबाईचं पोरगं होडीत बसवून आणू, आरती करू, समाप्ती करून मोकळं हू. मुंजाजी, तू निस्तं पुस्तक फुडं धर अन् वाचल्यासारखं कर. तुझ्या तोंडानं आलं की झालं."

"पितरपाकात समाप्ती?" कुणीतरी शंका काढली.

"रशियात पितरपाक नसतो," तात्या म्हणाले.

बायनाबाईचा चेहरा उजळला होता. "मी परसाद करते," ती म्हणाली. "लापशी करते गुळाची."

तृतीयेच्या दुपारी मंडप गच्च भरला. लापशीचं पातेलं मारुतीपुढे झाकून ठेवलेलं. मुंजाजीने फडकं सोडलं आणि शेवटचं पान वाचलं. संध्याकाळ, हाक, वल्हं. मग त्याने पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा होता. तात्यांनी मान हलवून खूण केली. बायनाबाई खांब सोडून पुढे सरकली होती.

मुंजाजीने पुस्तक मिटलं.

"याच्या फुडं न्हाई," तो म्हणाला. "म्या माझ्या मनाचं वाचणार न्हाई."

मग त्याने कर्त्याचं राहिलेलं चरित्र सांगितलं. शेवट बदल म्हणून लोक कसे मागे लागले, काय देऊ केलं, तो काय बोलला आणि आता कुठे आहे. त्याचं वाक्य त्याने जसं ऐकलं होतं तसं शब्दाला शब्द सांगितलं. आगराबाईचा मुलगा आला नाही, तेही सांगितलं. लोकांचा विरस झाला. प्रसाद हातावर घेऊन एकेक जण उठला. तात्या जाताना म्हणाले, "आडमुठाच म्हणायचा. काय बिघडलं असतं?"

मागे बायनाबाई आणि कोकिळा भांडी गोळा करत राहिल्या. मुंजाजी आसनावरून उठून खाली जमिनीवर येऊन बसला.

"काकू, सटवा बी न्हाई यायचा," तो म्हणाला. "नागपूर-बिगपूर समदं खोटं हाय. पैनगंगेत गेला तो. माझ्या डोळ्यांदेखत."

बायनाबाईने पातेलं खाली ठेवलं. ती मुंजाजीकडे अशी बघत राहिली की तो कोण आहे हेच तिला आठवत नसावं. बोलली ती कोकिळा.

"कवा?"

"त्याच भादव्यात. ऋषिपंचमीला."

"तीन वर्सांखाली आमच्या वसरीवर चौघांत तुमीच सांगितलं, भावजी. जिता हाय म्हणून."

"व्हय."

"म्या आत उभी होते. दाराआड." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मुंजाजीला वाटलं. "माझी दहा वर्सं खाल्ली तुमी. रोज पोथी वाचायले अन् रोज मला बघायले."

"व्हय, वहिनी."

"मला हितं एकांतात सांगून भागायचं न्हाई. जसं तवा सांगितलं तसं त्याच चौघांत सांगा. त्याच वसरीवर. माझ्या भावाला बी बलावणं धाडा."

तिने सासूच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि दोघी गेल्या. बायनाबाई पायऱ्या उतरताना अडखळली. मुंजाजी धरायला पुढे झाला, तर कोकिळेने त्याला हातानेच लांब ठेवलं.

पंचमीला, म्हणजे सटवाजीच्या तिथीला, ती चार माणसं पुन्हा त्या ओसरीवर बसली. लिंबाजी तात्या होते, कोकिळेचा भाऊ आला होता. कोकिळा या वेळी दाराआड नव्हती. चौकटीत, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. मुंजाजीने सुरुवातीपासून सांगितलं. निरोप, नदी, उखडलेला पाय. हाताचंही सांगितलं. तो सुटला की सोडला हे आपल्याला ठाऊक नाही, हेही सांगितलं. वेशीतलं सांगितलं आणि झरीच्या स्थळाचं सांगितलं. कोकिळेचा भाऊ एकदा उठून अंगावर धावला, तर तिनेच त्याला बस म्हटलं. अर्थ सांगायला तात्यांकडेही त्या दिवशी काही नव्हतं.

बायनाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, सटवाजीच्या नावाचं पान वाढायचं होतं, पण ती उठत नव्हती. आतापर्यंत सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचलंय की नाही, हेच कुणाला कळत नव्हतं. शेवटी तिने मान वर केली.

"जाताना काय म्हणला का रे त्यो? आई म्हणला का?"

सगळ्यांनी मुंजाजीकडे बघितलं. तात्यांनी तर डोळ्यांनीच विनवलं, अरे हो म्हण. एका शब्दाचा सवाल होता, आणि त्या शब्दावर म्हातारीचे उरलेले दिवस निघाले असते. मुंजाजीच्या घशाशी तो शब्द आलाही होता.

"न्हाई, काकू," तो म्हणाला. "पानी लय होतं. तोंड एकदाच वर आलं. कायच म्हणला न्हाई."

"कायच न्हाई?"

"कायच न्हाई."

बायनाबाईने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग तिला ते खरं वाटलं. तिने पदर तोंडाला लावला आणि दहा वर्षांनी ती पहिल्यांदा सटवाजीसाठी रडली.